वहिनीची गॅलरी आणि माझा खांब

वहिनी, तुला खाली आणताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही अडलो. स्ट्रेचर वळेना. पुढे दादा, मागे मी, आणि मध्ये आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई 'थोडा ऊपर से, थोडा ऊपर से' करत. तेवढ्यात दादा म्हणाला, "राहायला आलो त्या दिवसापासून सांगत होती, हा जिना चुकलाय." आणि त्याला हसू फुटलं. मग मलाही. तू गेलीस आणि तुझा नवरा आणि धाकटा दीर जिन्यात तुला धरून हसतायत, हे बघून शहाभाई घाबरलेच. त्यांना वाटलं, आम्हाला धक्का सहन झाला नाही. पण तू असतीस तर तूच आधी हसली असतीस. "पलंग, कपाट आणि मेलेला माणूस, तिघंही ज्या जिन्यावरून वळतात तो जिना," असं तू शिकवायचीस ना?

रडलो नंतर, खाली फाटकापाशी.

पेपरात द्यायचा मजकूर दादाने मला लिहायला लावला. जन्म, शिक्षण, मिरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधलं आर्किटेक्टचं ऑफिस, हाती घेतलेली कामं. वाचला तर तो कुणाचाही वाटत होता. तो देऊन टाकला आणि आता हे वेगळं लिहितोय. कारण आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि ते अर्धवट सोडून देणारी तू नव्हतीस.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी कॉलेजात होतो आणि पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. घरात सगळे मला बँकेच्या परीक्षांबद्दल ऐकवत होते. एका संध्याकाळी तू पाण्याने भरलेली बादली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "हात सरळ पुढे कर. वाकवायचा नाही." मला वाटलं, नवीन वहिनी चेष्टा करतेय. मी बादली धरून उभा. थोड्या वेळाने तू विचारलंस, "कुठे दुखतंय? बोटात?"

"खांद्यात."

"बादली बोटाला लटकलीय आणि दुखतोय खांदा. बाल्कनी अशीच असते. म्हणून तिच्या सळ्या तिथे, मुळाशी, वरच्या अंगाला भरायच्या. कळलं?"

कळलं. आणि का कोण जाणे, फार आवडलं. माझं स्ट्रक्चरल इंजिनियर होणं त्या बादलीपासून सुरू झालं. पुढे आपण एकत्र काम करायला लागलो. तू इमारत काढायचीस आणि ती पडणार नाही याची जबाबदारी माझी. तू म्हणायचीस, "मी स्वप्न बघते आणि मिलिंद त्यात खांब घुसवतो."

रविवारी लोक चौपाटीवर जातात. आपण बांधकामं बघायला जायचो. दादा गाडी चालवायचा, पार्किंग शोधायचा आणि गाडीतच पेपर वाचत बसायचा. आपण दोघं समोरच्या फूटपाथवर उभे राहून मान वर करून भांडायचो. वरळीला, परळला, बांद्र्याला, जिथे क्रेन दिसेल तिथे. वॉचमन येऊन विचारायचे, "मॅडम, फ्लॅट देखना है क्या?" तू म्हणायचीस, "नहीं भैया, गलती देखनी है." 

पण तू नुसत्या चुका शोधणारी नव्हतीस. जुनं ते सगळं छान आणि नवं ते सगळं वाईट, असं म्हणणाऱ्यांचा तुला कंटाळा होता. एका नव्या स्टेशनचा पादचारी पूल बघून तू भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या होत्यास, कारण त्याचा उतार म्हाताऱ्या माणसाला न थांबता चढता येईल असा होता. उंच इमारतींचंही तुला वावडं नव्हतं. राग होता तो फक्त काचेचा. "आत माणसं खारवून ठेवायचीत का?" म्हणायचीस. आणि मग ते तुझं नेहमीचं, "अरे, ही राजधानी आहे राज्याची. इथे जे उभं राहतं त्याची नक्कल उद्या नाशकात होते आणि परवा आपल्या मिरा रोडला. म्हणून इथे तरी नीट बांधा."

अशा राजधानीत नीट बांधायची पाळी आपल्यावर आली ती परळच्या वसतिगृहामुळे.

एका जुन्या ट्रस्टचं ते मुलींचं वसतिगृह. गावाकडून शिकायला, नोकरीला आलेल्या मुलींसाठी. कौलारू, बसकं, गळणारं. चारी बाजूंनी टॉवर उठलेले आणि मध्ये हे. ते पाडून नवीन बांधायचं होतं. ट्रस्टच्या अध्यक्षा करंदीकरबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. तू काढलेल्या नकाशात प्रत्येक मजल्यावर एका बाजूला खोल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी. तीही नावापुरती नाही, खोलीएवढी रुंद. शिवाय तिचा शेवटचा कोपरा खाली कसलाही आधार न घेता हवेत पुढे आलेला, समोरच्या कडुलिंबात घुसल्यासारखा. तो कोपरा तुझा जीव की प्राण होता.

बाईंनी नकाशा पाहिला आणि म्हणाल्या, "वसुधाताई, ही गॅलरी काढून इथे खोल्या करा. आणि पुढून काच लावा, समोरच्या टॉवरसारखी. आमच्या मुलींनाही वाटू दे की आपण मुंबईत आलो."

तू म्हणालीस, "बाई, मुलगी झोपते खोलीत. पण राहते कुठे?"

"आधी झोपायला तरी मिळू दे."

त्या मीटिंगमध्ये मी बाईंच्या बाजूने बोललो. मला त्यांचं पटलं होतं. अजूनही पुष्कळसं पटतं. परतताना गाडीत तू खिडकीबाहेर बघत बसलीस. दादाने दोनदा आरशातून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. दहिसरचा नाका ओलांडल्यावर तू एकदम म्हणालीस, "आपल्या सोसायटीचं ग्राउंड रविवारी सकाळी रिकामं असतं का रे?"

शनिवारी संध्याकाळी आपण खाली उतरलो. सुतळी, खुंट्या आणि फक्कीची गोणी, मैदानावर रेषा मारतात ती पांढरी फक्की. शांती नगरच्या त्या दोन विंगांमधल्या मोकळ्या जागेत तू परळच्या वसतिगृहाचा मजला खऱ्या मापाने आखायला सुरुवात केलीस. अर्धाच मावला. "अर्धा पुरे," म्हणालीस. शहाभाई धावत आले, "वसुधाबेन, आ शुं छे? क्रिकेट का पिच है क्या?"

"हॉस्टेल है, शहाभाई. कल सबको रहने आना है."

आणि खरंच सगळे राहायला आले. तू विंगा-विंगांत जाऊन सांगितलं होतंस, नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या मुलींनी या, सोबत चटई, बादली, डबा, जे लागतं ते आणा. करंदीकरबाई दोन विश्वस्तांना घेऊन आल्या तेव्हा मैदानात जत्रा भरली होती. एकच नियम होता, भिंतीतून चालायचं नाही. दुधाची पिशवी घेऊन शहाभाई नेहमीच्या सवयीने तिरके आले आणि सगळ्या बायका एका सुरात ओरडल्या, "दीवार! दीवार!" बिचारे मागे फिरले, वळसा घालून फक्कीच्या दारापाशी आले आणि तोंडाने 'टिंगटाँग' म्हणून आत शिरले. करंदीकरबाईंच्या चेहऱ्यावरची घडी तिथे पहिल्यांदा हलली.

तू आधी बाईंचाच नकाशा आखला होतास. दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये अरुंद पॅसेज. तुझा हा प्रामाणिकपणा मला तेव्हा फार आवडला होता. तुला बोललो नाही. मुलींना तू सांगितलंस, "राहा जरा. घरच्यासारखं." त्यांनी चटया टाकल्या, डबे उघडले, बादलीतले कपडे पिळले आणि वाळत कुठे घालायचे म्हणून इकडेतिकडे बघायला लागल्या. दोघींना घरी फोन करायचा होता. त्या पॅसेजमध्ये आल्या, तिसरी बादली घेऊन आली, आणि तिघी अडकल्या. एवढं होईपर्यंत सगळे हसत होते. मग बी विंगमधली नर्स, नाइट ड्युटी करून तशीच आलेली, आपल्या चटईवर आडवी झाली आणि शेजारच्या मुलीला म्हणाली, "मी आता झोपतेय. तू कुठे जाणार?"

ती मुलगी उठून उभी राहिली. तिने पॅसेजकडे पाहिलं, दुसऱ्या खोल्यांकडे पाहिलं. तिला जायला जागाच नव्हती. हसणं थांबलं.

तू पुढे झालीस. चपलेने एका बाजूच्या खोल्यांच्या रेषा पुसून टाकल्यास. आणि खुर्च्या, चटया, डबे, माणसं, सगळं न सांगता तिकडे सरकलं. कुणी कपडे दोरीवर टाकल्यासारखे खुर्चीच्या पाठीवर टाकले. तिघी डबे जोडून बसल्या. ती नर्सची शेजारीण कडेला पाठ टेकून बसल्यासारखी बसली, टेकायला काही नसताना. नर्स खरोखर झोपली. करंदीकरबाईंनीही एक खुर्ची ओढली, गॅलरीत बसल्या, कुणीतरी दिलेला चहा घेतला. ऊन चढलं होतं. पदराने घाम पुसत म्हणाल्या, "काच नको. ते कळलं."

तुझा चेहरा असा फुलला होता! मग बाईंनी कप खाली ठेवला.

"तुमची गॅलरी चांगली आहे, वसुधाताई. मला आवडली. पण दर जूनमध्ये मुली पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या राहतात आणि मी त्यांना जागा नाही म्हणून परत पाठवते. त्या मुलींना काय सांगू? तुमच्या वाटची खोली होती, तिथे आता बाकीच्या गप्पा मारत बसतात?"

तुला निरुत्तर झालेलं मी फार कमी वेळा पाहिलंय आणि त्या दिवशी ते मला बघवेना. शिवाय ती अडचण खरी होती. नुसत्या बोलण्याने सुटणारी नव्हती.

मी म्हणालो, "एक मजला वाढवता येईल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"नियमात बसतं. मी बघून ठेवलंय. पण मजला वाढला की वजन वाढणार. मग गॅलरीचा तो कोपरा असा हवेत नाही ठेवता येणार. तिथे खांब लागेल."

"खांब?" तू म्हणालीस.

"खांब."

"कुठे?"

मी चालत गेलो, अर्थात दारातून, आणि तुझ्या लाडक्या कोपऱ्यात जाऊन ताठ उभा राहिलो. "इथे."

तू डोक्यापासून पायापर्यंत मला न्याहाळलंस. एक डोळा मिटून पाहिलंस. बाजूला सरून पाहिलंस. आणि म्हणालीस, "दिसायला अगदीच वाईट आहे."

मैदान असं हसलं की झोपलेली नर्स दचकून उठली. करंदीकरबाई डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे हो, वसुधाताई. गुणी वाटतोय. वाढीव मजल्याच्या खर्चाचं आम्ही बघून घेऊ." अशी परळच्या वसतिगृहाला गॅलरीही मिळाली आणि वरचा मजलाही. तुझ्या नशिबी मात्र खांब आला.

तो तू मुकाट्याने पत्करलास असं कुणी म्हणणार नाही. काम चालू होतं तोवर रोज घासाघीस. "गोल कर." केला. "बारीक कर." नाही. "जरासा आत घे." घेतला. "अजून बारीक." नाही, वहिनी. काम अर्ध्यावर आलं आणि तुझं दुखणं निघालं. आम्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. तू मात्र डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट घालून साइटवर यायचीस आणि म्हणायचीस, "चला, केसांचा प्रश्न मिटला, हेल्मेट आता नीट बसतं." हॉस्पिटलमध्ये भेटायला आलो तर सलाईनच्या स्टँडकडे बोट दाखवलंस. "बघ. किती बारीक आहे, आणि काम करतोय की नाही?"

"त्याच्यावर फक्त बाटली आहे. माझ्या खांबावर मुली आहेत."

"मुली काही जड नसतात," म्हणालीस.

मग तू त्या खांबाचा पराभव करायचं सोडून दिलंस आणि त्याला आपलंसं केलंस. त्याच्याभोवती गोल कट्टा काढलास, गुडघ्याएवढा उंच, वरून गुळगुळीत लादी. कडुलिंबाकडे तोंड करून बसायचं असेल तर तसं बसा, कुणाचं तोंड बघायचं नसेल तर पलीकडे बसा. "दोघी भांडल्या तरी एकाच कट्ट्यावर बसता येईल," असं तू मिस्त्रींना समजावून सांगितलंस. कट्टा झाला, आणि त्या दिवसापासून तू लोकांना सांगायला लागलीस की खांब ही तुझी कल्पना होती!

मुली राहायला आल्यावर काही आठवड्यांनी तू म्हणालीस, "मला बघायचंय. उद्घाटनाचे हार काढल्यानंतर इमारत खरी दिसते." दादा आणि मी तुला घेऊन गेलो. लिफ्टने वर. हळूहळू चालत तू गॅलरीच्या टोकाला गेलीस, कट्ट्यावर बसलीस, खांबाला पाठ टेकलीस. वारा होता. खालच्या मजल्यावर कुणी धुतलेली चादर झटकत होतं. तू डोळे मिटलेस. मला वाटलं, आता तू काहीतरी मोठं बोलणार.

तेवढ्यात एक मुलगी आली. हातात डबा, कानात इअरफोन. तिला तू कोण ते माहीत नव्हतं. थोडा वेळ घुटमळली आणि म्हणाली, "आजी, सॉरी हं, पण ती माझी जागा आहे. मी रोज इथेच बसते."

दादा काही सांगायला पुढे झाला. तू हाताने त्याला थांबवलंस. उठलीस. "बस गं, बस. चुकलंच माझं," म्हणालीस आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसलीस. गाडीत परत येताना तुझं हसू थांबत नव्हतं. त्यानंतर घरी जो येईल त्याला पाणी देण्याआधी हेच सांगायचीस. डॉक्टरांना सांगितलंस. शहाभाईंना हिंदीत सांगितलंस. "मला माझ्याच इमारतीतून उठवलं! कळतंय का तुम्हाला? उठवलं मला!" एवढी खूश मी तुला कुठल्याच बक्षिसाने झालेली पाहिली नाही.

आपलं शेवटचं बोलणंही खांबावरच झालं. आवाज पार बसला होता तुझा. खुणेने मला जवळ बोलावलंस. मी कान तोंडाशी नेला. म्हणालीस, "झालं असतं. खांबाशिवाय. तुझी हिंमत झाली नाही."

मी म्हटलं, "वहिनी, झोप आता."

तू झोपलीस.

या आठवड्यात मी ते सगळं गणित पुन्हा मांडून पाहिलं. खांब हवाच होता. उत्तर आलं आणि मी खुर्चीतून उठलोसुद्धा, तुला सांगायला. दारापर्यंत गेलो. मग आठवलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गणितच चुकीचं मांडलंस." आणि आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं. वहिनी, मला हरायचं नव्हतं, पण जिंकून असं एकट्याने उभं राहायचंही नव्हतं. आपल्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. मानले तर "ताप आलाय का?" विचारतात. म्हणून बादलीबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही. ती बादली माझ्या हातात नसतीस दिली, तर मी आज कुठल्यातरी काउंटरमागे बरा असतो कदाचित, पण वर बघत चाललो नसतो.

दादा बरा आहे. सकाळी दोन चहा करतो, मग दोन्ही पितो. काल मी म्हटलं, रविवारी जाऊ या कुठेतरी. म्हणाला, "जाऊ. पण आता पार्किंग तू शोध. मी वर बघणार." 

काल करंदीकरबाईंचा फोन आला. ट्रस्टने ठरवलंय, गॅलरीत तुझ्या नावाची संगमरवरी पाटी लावायची. साधी, चार ओळींची. जागा मी बघून द्यावी, म्हणाल्या. आज संध्याकाळी ऑफिसातून परस्पर परळला गेलो, टेप घेऊन.

पहिल्या मजल्यावर भिंतीला दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर कपडे. दुसऱ्यावर भिंतीशी खुर्च्या मांडून अभ्यास चाललाय, तक्ते चिकटवलेत, हाडांची नावं लिहिलेली. तिसऱ्यावर कुणीतरी डब्यांत पुदिना आणि मिरच्या लावल्यात आणि वेलांना बांधतात तशा सुतळ्या वरपर्यंत नेल्यात, कशाला ते त्यांनाच माहीत. एका मजल्यावर मेहंदी काढणं चाललं होतं. भिंतीला टेकून सहासातजणी हात पसरून बसलेल्या. मी टेप उघडली तर एक म्हणाली, "काका, इथे नका काही लावू ना, आम्ही टेकतो इथे." सगळ्यांत वरच्या मजल्यावर, तो मजला नसता तर ज्या मुली बाईंच्या दारातून परत गेल्या असत्या त्या राहतात तिथे, दोघी खांबाच्या कट्ट्यावर एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या. भांडल्या असाव्यात. मी टेप मिटली.

खाली येऊन बाईंना फोन केला. म्हटलं, "बाई, पाटीला जागा नाही."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही. सगळीकडे मुली आहेत."

त्या म्हणाल्या, "बरं. जागा झाली की लावू."

वहिनी, ती जागा कधी होऊ नये.